जुन्या छायाचित्रांची शुद्ध प्रत

संपादन हा शब्द आपल्या भाषेंत आतां दोन अगदीं निरनिराळ्या ठिकाणीं ऐकूं येतो. एखाद्या जुन्या ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित पोथ्या जमवून, नकलकारांच्या चुका व मागाहून घुसडलेले भाग ओळखून, त्या ग्रंथाचा मूळ पाठ शोधून काढणें याला संपादन म्हणतात. आणि निगेटिव्हवरून संगणकांत उतरविलेल्या जुन्या फोटोवरील डाग, ओरखडे व बुरशी काढून तो पुन्हां स्वच्छ करणें यालाहि हल्लीं संपादनच म्हणतात. पहिलें काम पंडितांचें. दुसरें आतां घरोघरच्या मुलामुलींचें झालें आहे. दोन्ही कामांना एकच नांव पडलें हा योगायोग असेल, परंतु तो मोठा बोधप्रद योगायोग आहे. पोथीच्या संपादकानें दीर्घ अनुभवानें कांहीं नियम स्वतःवर घालून घेतले आहेत. फोटोच्या संपादकानें ते अद्यापि घातलेले नाहींत. ते त्यानें कां घालून घ्यावे, याचा विचार आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

त्यासाठीं प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे. फोटोंत फेरफार करण्याची विद्या संगणकाबरोबर आली, तत्पूर्वीं कॅमेरा सत्यवचनी होता, असा पुष्कळांचा समज आहे. तो समज खरा नाहीं.

पॅरिसच्या दागेर यानें शोधलेली छायाचित्रणाची रीत १८३९ सालीं जगापुढें आली. पुढें अवघ्या पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत ‘बाँबे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली आणि लौकरच एल्फिन्स्टन विद्यालयांत या कलेचा वर्गहि निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामणि यांचीं नांवें त्या काळच्या एतद्देशीय छायाचित्रकारांत अग्रभागीं आहेत. त्या वेळची रीत मोठी खटपटीची होती. कांचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षारांत बुडवावयाची, आणि ओली आहे तोंवरच चित्र घेऊन तें धुवावयाचें. या प्लेटेंत एक मूळचाच दोष होता. तिला निळा रंग अतोनात दिसे आणि तांबडा मुळींच दिसत नसे. त्यामुळें जमीन नीट उमटावी इतका वेळ दिला कीं निळें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें होई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक निगेटिव्ह व ढगांची दुसरी अशा दोन वेगवेगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर छापून त्यानें पाहणाऱ्यांना थक्क केलें. म्हणजे खालचा समुद्र एका वेळचा आणि वरचें आकाश दुसऱ्या वेळचें!

हीच युक्ति मुंबईंत माणसांच्या बाबतींत योजिली गेली. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकारानें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींच्या चित्रांचा एक ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यांतील माणसें खरीं आहेत, त्यांचे पोषाख खरे आहेत. परंतु पुष्कळ चित्रांत त्यांच्या मागें दिसणारी जागा त्यांची नाहीं. माणसांचे समूह एका ठिकाणीं टिपले, देवळें, वाडे व डोंगर दुसऱ्या ठिकाणीं टिपले, आणि दोहोंचा सांधा मागाहून जुळविला. आज कोणी अभ्यासक त्या चित्रांवरून पागोट्याचा घाट किंवा लुगड्याची नेसण समजून घेईल तर ठीक. पण अमुक लोक अमुक देवळापाशीं बसत असत, असें अनुमान काढील तर फसेल. कातरून चिकटविण्याची ही कला संगणकाहून शंभर वर्षांवर जुनी आहे, एवढें येथें ध्यानांत ठेवावयाचें.

दुसरी परंपरा ‘टचिंग’ची. १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फ्श्टेंगल यानें एकाच निगेटिव्हचे दोन छाप शेजारीं शेजारीं मांडले होते: एक जसाच्या तसा, दुसरा निगेटिव्हवर हात फिरविल्यानंतरचा. पाहणाऱ्यांना दुसरा अधिक आवडला यांत नवल नाहीं. निगेटिव्हवर काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें झालेलें असतें. चेहऱ्यावरची सुरकुती तेथें पारदर्शक रेघ म्हणून दिसते. तिच्यावर अणकुचीदार पेन्सिलीचा हलका हात फिरविला कीं छापांत ती नाहींशी होते. उलट पातळ सुरीनें वरचा थर खरवडला कीं छापांत ती जागा काळी पडते. तेवढ्यानें फुगलेली कंबर बारीक करितां येते. आपल्या शहरांतील स्टुडिओंतून हें काम करणारे कसबी कारागीर पिढ्यान् पिढ्या होते. गिऱ्हाइकाचा वर्ण उजळ करणें, गालावरचा तीळ घालविणें, बंद डोळे उघडे करणें, हें सारें त्यांच्या हातचा मळ होतें. त्याच कारागिरांपैकीं कांहीं जण काळ्या-पांढऱ्या छापावर रंगहि भरीत.

रंग भरतांना जुन्या प्लेटेचा दोष कसा नडतो, याचें एक उदाहरण आपल्या घरचेंच आहे. लोकमान्य टिळकांची पगडी लाल होती, हें सर्वांस माहीत आहे. परंतु तांबड्या रंगाला आंधळ्या असणाऱ्या प्लेटेवर लाल वस्तु काळीकुट्ट उमटते. ज्यानें ती पगडी कधीं पाहिली नाहीं व तिच्याविषयीं कधीं ऐकलें नाहीं, अशा परक्या माणसाला नुसत्या फोटोवरून ती काळीच वाटेल. कपाळीं भरलेल्या कुंकवाची तीच गत. फोटोंतला काळा म्हणजे वस्तूचा काळा असें नाहीं. आणि हें ज्ञान फोटोंत नसतें, फोटोबाहेर असतें. ही गोष्ट पुढें आपणांस पुन्हां उपयोगी पडेल.

कांचेची जागा पुढें फिल्मनें घेतली. १८८९ सालीं ईस्टमनच्या कोडॅक कारखान्यानें पारदर्शक फिल्म बाजारांत आणली. ती नायट्रेटची असे आणि भडकन् पेट घेई. २००३ सालच्या जानेवारींत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या सांठ्याला आग लागली व जुन्या चित्रपटांचीं न भरून येणारीं रिळें जळालीं, तें पुणेंकरांच्या स्मरणांत असेल. नायट्रेटनंतर अॅसिटेटची सुरक्षित फिल्म आली. ती पेटत नाहीं, पण उबेनें व दमटपणानें कुजते, तिला शिरक्यासारखा आंबूस वास येतो व ती आकसून वेडीवांकडी होते. म्हणजे एक जळून मरते व दुसरी कुजून.

सामान्य मराठी घरांत कॅमेरा शिरला तो बहुधा १९६० नंतर. ‘आग्फा क्लिक थ्री’ नांवाचा साधा, स्वस्त, पेटीसारखा कॅमेरा तेव्हां पुष्कळांनीं वापरला. एका रिळावर बारा चौकोनी फोटो निघत. उटकमंडला १९६० सालीं स्थापन झालेल्या व आतां बंद पडलेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदु’ फिल्महि खपत असे. लग्न, मुंज, जत्रा, बैलजोडी, नवें घर, असे प्रसंग त्या बारा चौकोनांत मोठ्या काटकसरीनें बसविले जात. ते फोटो आल्बमांत गेले आणि निगेटिव्हची पाकिटें ट्रंकेच्या तळाशीं पडलीं.

तेथें निसर्गानें आपलें संपादन सुरू केलें. मी मुळशी तालुक्यांतला रहिवासी. आमच्याकडे पाऊस कोसळूं लागला कीं भिंतींना ओल चढते, कपडे वाळत नाहींत आणि पुस्तकांना कुबट वास सुटतो. फिल्मवरचें चित्र जिलेटिनच्या थरांत रुप्याच्या अतिसूक्ष्म कणांनीं बनलेलें असतें. आणि जिलेटिन हें जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेलें असल्यामुळें बुरशीला तें अन्नच आहे. ती त्या थरावर झाडाच्या मुळ्यांसारखी पसरते व चित्र खाते. शाळेंतून निवृत्त झाल्यावर गांवोगांवच्या अशा निगेटिव्ह मागून आणून, एका पूर्वींच्या विद्यार्थ्याच्या मदतीनें त्या संगणकावर चढविण्याचा छंद मीं लावून घेतला आहे. मीं हातीं घेतलेल्या निगेटिव्हपैकीं ज्यांना बुरशी, धूळ किंवा ओरखडा शिवला नाहीं अशा फारच थोड्या.

आतां संगणकाकडे वळूं. चित्र आंकड्यांत उतरविण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेंतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत १९५७ सालीं झाला. रसेल कर्श या संशोधकानें आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्रावर लावला व त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकंदर ३०,९७६ ठिपके केले. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाहीं तर पांढरा. मधली छटाच नव्हती. आजचा साधा स्कॅनर दर इंचास २४०० ठिपके या मापानें ‘क्लिक थ्री’ची एक चौकोनी निगेटिव्ह वाचतो, तेव्हां तिचे सुमारें २ कोटि ८० लक्ष ठिपके होतात, आणि प्रत्येक ठिपक्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६, किंवा अधिक बारकाईनें वाचल्यास ६५,५३६ छटा मिळूं शकतात. स्कॅनर दुसरें कांहीं करीत नाहीं. फिल्मच्या एका बाजूनें प्रकाश सोडतो, दुसऱ्या बाजूनें तो कोठें किती आला हें मोजतो आणि तो आंकडा टिपून ठेवतो. जें चित्र पूर्वीं रुप्याचें होतें तें आतां आंकड्यांचें होतें. आणि आंकडा खोडावयास सुरी लागत नाहीं.

आंकड्यांच्या चित्रावर सुरी-पेन्सिलीचें काम करणारें ‘फोटोशॉप’ हें सॉफ्टवेअर टॉमस व जॉन नोल या दोघां भावांनीं रचलें व अॅडोबी कंपनीनें १९९० सालीं विक्रीस काढलें. ‘गिम्प’ नांवाचें फुकट मिळणारें सॉफ्टवेअर १९९६ पासून उपलब्ध आहे. त्यांतील हत्यारें आपल्या ओळखीचींच आहेत. एक हत्यार शेजारचा तुकडा उचलून डागावर चिकटवितें. ती जॉन्सनची कात्री झाली. दुसरें डागाच्या आसपासची छटा पाहून दोहोंचा मेळ घालतें. तें २००२ सालीं आलें, आणि ती टचिंगवाल्याची पेन्सिल झाली. तिसरें, २०१० सालचें, एखादा भाग नुसता वेढून दाखविला कीं तेथें काय असावें याचा स्वतःच तर्क करून जागा भरून टाकतें. हा मात्र नवा प्रकार होय. टचिंगवाला काय पुसतों आहों हें जाणून पुसत असे. येथें पुसणाऱ्याला तें कळण्याची गरजच उरलेली नाहीं.

मोह किती मोठ्यांना होतो, याचा दाखला फोटोशॉपच्याहि पूर्वींचा आहे. १९८२ सालच्या फेब्रुवारीच्या ‘नॅशनल जिऑग्रॅफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ईजिप्तचे पिरॅमिड झळकले होते. मूळ फोटो आडवा होता, मुखपृष्ठ उभें. तेव्हां संगणकाच्या साह्यानें दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यांत आले! त्यावर गवगवा झाला तो योग्यच होता. पण त्यांतली समाधानाची बाब अशी कीं पिरॅमिड जागेवर होते. ज्याला शंका आली त्याला तेथें जाऊन खरें अंतर पाहतां येत होतें.

आमच्या मुळशीला ही सोय नाहीं, आणि म्हणूनच हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो. सह्याद्रीच्या कुशींत मुळा नदीवर टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां आंबेमोहोर तांदुळासाठीं नांवाजलेल्या आमच्या खोऱ्यांतील सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर गदा आली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यानें दिलें, आणि त्यांचे सहकारी विनायकराव भुस्कुटे यांनीं लढ्याची हकीकत ग्रंथरूपानें लिहून ठेविली. १९२४ च्या अखेरीस लढा थांबला, १९२७ सालीं धरण पुरें झालें, आणि पाणी घाटाखालीं भिऱ्यास सोडून तयार केलेली वीज मुंबईस जाऊं लागली. गांवें, शेतें, देवळें, पाणवठे पाण्याखालीं गेले. पुण्यांतील एखाद्या वाड्याचा जुना फोटो बिघडला तर निदान वाड्याची जागा पाहून येतां येतें. येथें जागाच उरली नाहीं. उठून वर किंवा दूर जाऊन बसलेल्या कुटुंबांच्या पुढच्या दोन पिढ्यांच्या फोटोंत कोठें मूळ गांवाहून उचलून आणलेली दाराची चौकट दिसते, कोठें जातें, कोठें देवाचे टाक, कोठें त्या गांवांत लहानाची मोठी झालेली आजी. एवढाच पुरावा शिल्लक. तो कोणी पुसला तर ताडून पाहण्यास दुसरी प्रत नाहीं.

नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं. म्हणून माझ्या पाहण्यांत आलेले तीन फोटो शब्दांनींच सांगतों.

पहिला एका आजीचा. कपाळावर व हनुवटीवर गोंदण, गालांवर देवीचे व्रण. घरच्या मंडळींनीं मोठ्या प्रेमानें तो फोटो शहरांतल्या एका दुकानांतून स्वच्छ करून आणला. बुरशीचे डाग गेले. त्यांच्याबरोबर गोंदणहि गेलें आणि गालहि गुळगुळीत झाले. सॉफ्टवेअरला तिन्ही सारखेच: उजळ जागेवरील काळे ठिपके. परंतु गोंदण ही त्या बाईच्या माहेरची खूण होती. आणि देवीचे व्रण हा तर आपल्या देशाचा इतिहास आहे. १९७५ नंतर भारतांत हा रोग उरला नाहीं. पुढच्या पिढीला देवी म्हणजे काय होतें हें त्या गालांवरूनच कळावयाचें.

दुसरा फोटो रंगीत, जत्रेच्या दिवसांतला, मागें तलाव व डोंगर. जुन्या रंगीत छापांतील रंगद्रव्यें सारख्या वेगानें विटत नाहींत. त्या काळच्या पुष्कळ छापांत निळ्या-हिरव्या छटेचें द्रव्य अंधारांत ठेवूनहि आधीं विटतें, त्यामुळें सारें चित्र तांबूस दिसूं लागतें. संगणकाला रंग आपोआप दुरुस्त करण्यास सांगितलें. त्यानें तलाव निळाशार व डोंगर हिरवेगार करून दिले. चित्र मोहक झालें, पण चैत्रांतल्या जत्रेला आमचे डोंगर करपलेले असतात. संगणकानें रंग सुधारतां सुधारतां ऋतु बदलला.

तिसरा फोटो मला सर्वांत बोलका वाटतो. घरापुढें उभें असलेलें एक कुटुंब, आणि वरच्या बाजूला आडव्या दोन बारीक रेघा. स्वच्छ केलेल्या प्रतींत त्या रेघा नाहींत. ओरखडे समजून त्या पुसल्या गेल्या. मूळ निगेटिव्ह भिंगाखालीं धरली तेव्हां त्या रेघा एका खांबापाशीं येऊन थांबतात असें दिसलें. त्या विजेच्या तारा होत्या. ज्या पाण्याच्या विजेसाठीं खोरें बुडालें, ती वीज मुंबईला मिळाल्यावर कित्येक वर्षांनीं या घरापर्यंत तार आली, आणि ती आल्याच्या आनंदांतच तो फोटो काढविला होता. दुरुस्त प्रतींत माणसें स्वच्छ दिसतात, पण तीं आनंदानें कशाकडे बोट दाखवीत आहेत हें कळावयास मार्ग नाहीं.

अशी चूक कां होते, याचें एक शास्त्रीय कारणहि सांगण्यासारखें आहे. कांहीं चांगल्या स्कॅनरमध्यें डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरून धूळ ओळखतात. रंगीत निगेटिव्हच्या रंगद्रव्यांतून हा प्रकाश आरपार जातो, परंतु धुळीचा कण व ओरखडा त्याला अडवितो. अर्थात् जेथें तो अडला तेथें धूळ, असें निश्चित कळतें. ही रीत काळ्या-पांढऱ्या फिल्मला लागू पडत नाहीं, कारण तिच्यांतलें चित्रच रुप्याचें आणि रुपेंहि तो प्रकाश अडवितें. तेव्हां तेथें यंत्राजवळ पुरावा नसतो, केवळ आकारावरून केलेला तर्क असतो. बारीक रेघ दिसली कीं ओरखडा. ठिपका दिसला कीं धूळ. नेमक्या आपल्या सर्वांत जुन्या व मोलाच्या निगेटिव्ह काळ्या-पांढऱ्या आहेत. म्हणजे जेथें सावधगिरी सर्वांत अधिक हवी तेथेंच यंत्र सर्वांत आंधळें आहे.

आतां पोथीच्या संपादकाकडे परत येऊं. संत एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या नाना प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढें कोणी आपली ओवी तींत घालूं नये असें बजावून ठेविलें. एकनाथांसारख्या कवीला स्वतःच्या शेंकडों ओव्या सहज घालतां आल्या असत्या. त्यांनीं त्या घातल्या नाहींत, यांतच त्यांचें संपादकत्व आहे. अलीकडचें उदाहरण पुण्यांतलेंच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. काम पुरें झालें तें १९६६ सालीं. देशभरच्या हस्तलिखितांचे पाठ त्यांत ताडून पाहिले आहेत. जो पाठ संपादकांनीं स्वीकारला तो वर छापला. जे नाकारले ते फेंकून न देतां खालीं टिपांत दिले. आणि जेथें त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ काढून ती शंका वाचकाला दाखविली. विद्वत्तेची ही नागमोडी रेघ मला मोठी आदरणीय वाटते.

हाच शिरस्ता फोटोला लावावयाचा तर चार गोष्टी पाळाव्या लागतील, आणि त्या कोणत्याहि घरीं पाळतां येण्यासारख्या आहेत.

पहिली, मूळ पोथी जपावी. स्कॅनरनें दिलेलें पहिलें चित्र जसेंच्या तसें, डागांसकट, वेगळें ठेवून द्यावें आणि सारें काम त्याच्या नकलेवर करावें. तें ‘टिफ’ प्रकारांत ठेवणें उत्तम; ‘जेपेग’ प्रकारांत बदल करून पुन्हां पुन्हां जतन केलें कीं दर वेळीं थोडा तपशील झिजतो. आणि स्कॅन झालें म्हणून निगेटिव्ह टाकून देऊं नये. तिचा कोरड्या जागीं, कागदी पाकिटांत सांभाळ करावा. उद्यां यांहून चांगला स्कॅनर येईल. निगेटिव्ह पुन्हां येणार नाहीं.

दुसरी, डाग कोणाचा हें आधीं ठरवावें. जें कॅमेऱ्यासमोर होतें तें चित्राचें. जें मागाहून फिल्मवर पडलें तें काळाचें. धूळ, बुरशी, बोटाचा ठसा, घडीची रेघ हें काळाचें देणें. तें खुशाल पुसावें. गोंदण, व्रण, तार, भिंतीचा पोपडा, फाटकी बाही हें चित्राचें आहे. त्याला हात लावूं नये. हा निवाडा यंत्राकडून होत नाहीं. त्या घरांतील वडील माणसाला शेजारीं बसवून विचारलें तर क्षणांत होतो. टिळकांच्या पगडीचा रंग जसा फोटोबाहेरून कळतो, तशी ही माहिती फोटोबाहेर, माणसांच्या आठवणींत आहे. आणि तीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत. जुन्या स्टुडिओवाल्यानें निगेटिव्हवर पेन्सिल फिरविली असेल तर तीहि राहूं द्यावी, कारण तो त्या काळाचा हात आहे.

तिसरी, जो बदल केला तो सांगावा. १९९४ पासून फोटोशॉपमध्यें चित्रावर पारदर्शक पदर चढविण्याची सोय आहे. दुरुस्ती वरच्या पदरावर केली तर तो पदर उचलतांच खालचें मूळ दिसतें; ही आपली तळटीप झाली. शिवाय एका ओळींत लिहून ठेवावें: अमुक साल, अमुक जागा, डाव्या कोपऱ्यांतील बुरशी काढली, मधल्या रेघेविषयीं खात्री नाहीं म्हणून ती ठेविली आहे. ही आपली नागमोडी रेघ.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. जेथें पान फाटलें आहे तेथें जागा कोरी ठेवावी. हल्लीं कृत्रिम बुद्धीचीं अशीं सॉफ्टवेअर निघालीं आहेत कीं बुरशीनें खाल्लेला चेहरा तीं नवा करून देतात. हें काम कसें चालतें, तें समजून घेतलें पाहिजे. असंख्य परक्या चेहऱ्यांचे फोटो पाहून यंत्रानें चेहरा साधारणपणें कसा असतो याचा अंदाज बांधलेला असतो, व त्या अंदाजानें तें रिकामी जागा भरतें. डोळे पाणीदार येतात, ओठ रेखीव येतात, मात्र ते डोळे आजीचे नसतात. कोठल्या तरी हजारों अनोळखी माणसांच्या डोळ्यांची ती सरासरी असते. घुसडलेल्या ओवीचा दोषहि हाच आहे. ती वाईट असते तेव्हां ओळखूं येते. चांगली असते तेव्हांच ती धोक्याची.

यावर कोणी म्हणेल, आम्हांला इतिहास लिहावयाचा नाहीं; आजीचा फोटो देवघराशेजारीं लावावयाचा आहे, आणि तो सुरेख दिसावा एवढीच इच्छा आहे. ही इच्छा अगदीं योग्य आहे. रोजच्या पाठाची पोथी सुबक अक्षरांत, तळटीपांवांचून असते, आणि तिनें भक्ताचें काम होतें. भिंतीवरची प्रतहि तशी खुशाल करावी, हवें तर रंगहि भरावे. मागें मात्र लिहावें कीं ही सजविलेली प्रत आहे, आणि मूळ कोठें आहे. कारण भिंतीवरचा फोटो आज घरचा असला तरी पन्नास वर्षांनीं तोच पुरावा ठरतो. त्या वेळीं पाहणाऱ्याला आपण ओळखीचे नसूं, आणि आपल्या मनांत काय होतें हें विचारावयास तो येऊं शकणार नाहीं.

मुळशीच्या लोकांची जमीन गेली तेव्हां निदान तो प्रकार डोळ्यांदेखत झाला. त्याविरुद्ध उभें राहतां आलें, तुरुंगांत जातां आलें. फोटोंतून एखादी गोष्ट जाते तेव्हां कोणाला कांहीं कळत नाहीं. उलट ‘किती छान झाला!’ असें सर्वजण म्हणतात. म्हणून श्रोत्यांना इतकेंच सुचवावेंसें वाटतें कीं यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं घरांतली निगेटिव्हची पाकिटें ट्रंकेंतून बाहेर काढावीं, घरांतील सर्वांत वयस्क माणसाला जवळ बसवावें, आणि संगणकाला हात लावण्यापूर्वीं प्रत्येक चित्रांतील माणसांचीं नांवें, गांव व साल वहींत उतरून घ्यावें. डाग मागाहूनहि पुसतां येतील.